फळी कोणी घातली?

"जगन्नाथ कुबल यांचं घर हेच का?"

मी खळ्यात सुकत घातलेले बांगडे परतत होते. ऊन असं की डोकं भाजून निघावं. मान वर करून बघते तर समोर एक उंच माणूस, पांढरा शर्ट, हातात कातडी बॅग, बुटांत वाळू भरलेली. वाटलं, देवीची लस टोचणारा असेल, नाहीतर सोसायटीचा कोणी साहेब. असल्यांना मी दारात उभं करत नसे.

"घर ह्याच," मी म्हटलं. "पण तो नाय हंय."

"ठाऊक आहे मला."

"ठावक आसा तर मगे इचारतास कित्याक?"

त्यानं बॅग खाली ठेवली, परत उचलली. "मी टिपणीस," तो म्हणाला. "त्यांच्या बोटीचा कॅप्टन होतो."

मी हातातला बांगडा तसाच धरून उभी राहिले. तीन वर्षं मी या माणसाला रोज शिव्या घालत होते. एकाहत्तरच्या लढाईत बोट बुडाली तेव्हा त्याचा फोटो पेपरात आला होता. पुढे त्याला पदक मिळालं तेव्हा दुसरा आला. तो दुसरा मी चुलीत घातला. बोटीचं नाव मी आजवर तोंडातून काढलेलं नाही, इथंही काढणार नाही. माझा घोव जगन तिच्या इंजिनखोलीत कामाला होता. आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

फोटोत तो तरणाबांड दिसायचा. आता कानशिलं पिकली होती.

"तुमीच बुडवलात ती बोट?" मी विचारलं.

"हो," तो म्हणाला.

इतकं सरळ उत्तर दिलं म्हणून मला आणखीच राग आला. भांडायला तरी काहीतरी नको का माणसाला!

पण भांडून चालणार नव्हतं, कारण मला त्याच्याकडून एक गोष्ट हवी होती. जगन गेल्याची तार आली होती, पण तिच्यात 'बेपत्ता, मृत समजावे' असं होतं. माझी सासू, तिला मी आये म्हणायचे, ती म्हणाली, "समजूचा म्हंजे काय? मेलो तर मेलो म्हणान सांगा. समजूचा कोणी आणि कसा?" त्यात बाजारात कुणीतरी पिल्लू सोडून दिलं की आपले खलाशी कराचीच्या तुरुंगात आहेत. झालं! आयेनं रेडिओ विकत आणवला. सकाळ-संध्याकाळ कान लावून बसायची, जगनचं नाव येईल म्हणून. जेवताना त्याचं ताट मांडायची आणि स्वतः मासळी सोडून बसली. आमच्या गाबितांच्या घरात मासळी सोडली तर ताटात उरतं काय?

आणि मी? मी ना धड सवाशीण, ना धड रांड. हळदीकुंकवाला गेले की बाईचा हात कुंकू घेऊन माझ्या कपाळापर्यंत यायचा आणि तिथंच अडखळायचा. मग ती हसून दुसरीकडे वळायची. तीन वर्षं मी ते हसू बघत होते. माझा बाप दोनदा न्यायला आला, पोर तरणी आहे, म्होतूर, म्हणजे दुसरं लग्न, लावून देतो म्हणाला. आयेनं त्याला उंबऱ्यावरूनच परतवला. "जित्या माणसाची बायल खंय नेतास?" जगनचं क्रियाकर्म झाल्याशिवाय मी सुटणार नव्हते, आणि आये ते होऊ देत नव्हती.

मी बांगडा टोपलीत टाकला आणि त्या माणसाच्या जवळ गेले. आवाज खाली आणला.

"आये आत आसा. ती तुमका एकच इचारतली, जगन मेलो ता तुमी डोळ्यांनी बघलात काय? होय म्हणा. बघलात नसलात तरी होय म्हणा. मी पाया पडतंय तुमच्या."

"तेच सांगायला आलो आहे," तो म्हणाला. "बाकीच्यांच्या घरी जाऊन आलो. तुमचं घर शेवटचं."

आये ओटीवर जाळं विणत बसली होती. बाजूला रेडिओ. मी सांगितलं कोण आलंय ते. तिचे हात थांबले नाहीत.

"बस," ती म्हणाली. "हिरा, पाणी दी तेंका."

तो भुईवर बसला, मांडी नीट घालता येईना त्याला. पाणी प्याला आणि सांगायला लागला. बोलणं चांगलं होतं त्याचं, देशावरच्या शिकलेल्या माणसासारखं. जगन्नाथ कामाला कसा चोख होता, सगळ्यांचा लाडका कसा होता. मग टॉर्पेडो कसा आला, इंजिनखोलीच्या अगदी जवळ कसा फुटला. "आतल्या कुणालाही काही कळलं नाही, आई. वेदना नाहीत, काही नाही. दिवा विझावा तसं. मी स्वतः पाहिलं. तुमचा मुलगा त्या क्षणीच गेला."

मला रडू फुटलं. जगन गेला हे कुणीतरी पहिल्यांदा सरळ म्हटलं होतं. पण रडता रडता माझ्या लक्षात आलं, हा माणूस हे पाठ म्हणतोय. शाळेत तपासनीस आले की पोरं कविता म्हणतात, तसं. कुठं थांबायचं तेसुद्धा ठरलेलं.

आयेनं सुतळीची गाठ मारली. "पाणी खंयसून इला?"

"डाव्या बाजूनं. इंजिनखोलीतच शिरलं."

"माझो झील थंयच होतो?"

"हो. म्हणूनच तर म्हणतो, त्याला कळलंसुद्धा नसेल."

"मगे तुमी खाली उतारलात?"

"नाही. उतरता येण्यासारखं नव्हतं."

"उतारलात नाय, तर बघलात कसा?"

मी मध्ये पडले. "आये, साहेब एवढे लांबसून इले, सांगतत ना तुका!"

"तू गप ऱ्हव, हिरा." आयेनं जाळं बाजूला सारलं. आता ती त्याच्याकडे बघत होती. "तुमच्या बोटीक वरसून फळी घालतत? गलबताक घालतत तशी?"

"असते," तो म्हणाला. "लोखंडी असते. झाकणासारखी."

"त्या दिवशी फळी कोणी घातल्यान?"

आता इथं सांगायला हवं, नाहीतर कळायचं नाही. माझे सासरे गलबतावर तांडेल होते, म्हणजे गलबताचा मुख्य. मंगळुरी कौलं भरून आणायचे. गलबताच्या पोटावर फळ्या असतात, तुफानात त्या ठोकून बंद करायच्या, नाहीतर पाणी आत भरून गलबत तळाला. आमच्या बंदरात जुन्या माणसांची रीत होती की ती फळी तांडेलानंच घालायची, खलाशाला सांगायची नाही. का, ते मला ठाऊक नव्हतं. मी समजत होते, मानाचं काम असेल.

कॅप्टन टिपणीस म्हणाला, "मी."

"तुमच्या हातान?"

"हुकूम माझा. हात दुसऱ्याचे."

"हुकूम म्हंजे हातच," आये म्हणाली. "तेवा आत जिते होते?"

मला वाटलं आता तरी हा नाही म्हणेल. मी त्याच्याकडे डोळे फाडून बघत होते, नाही म्हण मेल्या, नाही म्हण.

"होते," तो म्हणाला. "सात जण."

"जगन?"

"होता."

रेडिओवर कुणीतरी भाव सांगत होतं, कापूस, सरकी. मी उठून तो बंद केला.

मग त्यानं खरं सांगितलं. त्याला ते सांगता येत नव्हतं. मघाचं पाठ होतं, हे कधी कुणाला सांगितलेलंच नव्हतं. टॉर्पेडो इंजिनखोलीच्या पुढे फुटला होता. पाणी आत येत होतं, पण भसकन नाही. वरच्या मजल्यावर आग लागलेली, इंजिनखोलीचा मुख्य जिना पडलेला. वर यायला उरली ती एकच वाट, लोखंडी झाकणाची. ते उघडं ठेवलं तर पाणी वर चढून बोट कलंडणार, आणि डेकवर शंभरावर पोरं होडक्यांची वाट बघत होती. झाकण लावलं तर बोट तेवढा वेळ तरंगणार.

"मी झाकण लावायला सांगितलं. ती पोरं वाचली," तो म्हणाला. "माझं गणित बरोबर होतं. चौकशीत सगळ्यांनी तेच सांगितलं."

"आत आसल्यांनी खालसून झाकण ठोकल्यानी?" आयेनं विचारलं.

"हो."

"जगन काय बोललो?"

तो मान खाली घालून बसला.

"फोन होता ना खाली?" आये म्हणाली. "जगन सांगा होतो माका, वर-खाली फोनान बोलतत म्हणान. काय बोललो तो?"

"मराठी मी एकटाच होतो वर, म्हणून त्यानंच फोन घेतला असेल," तो म्हणाला. "म्हणाला, साहेब, पंप चालू ठेवलेत. पाणी गुडघ्याएवढंच आहे. आम्ही येतो वर, झाकण उघडा."

"मगे?"

"मी म्हटलं, थांबा."

"मगे?"

"तो परत म्हणाला, साहेब, गुडघ्याएवढंच आहे. अजून मिळेल यायला." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "तो बोलत होता, आई. मी फोन ठेवला. त्यानं नाही ठेवला, मी ठेवला. पंप त्यांनी शेवटपर्यंत चालवले. म्हणून होडकी उतरवता आली आम्हाला."

गुडघ्याएवढंच! आमच्या पायऱ्यांशी भरतीला त्याहून जास्त पाणी येतं. मला पुढचं नीट आठवत नाही. मी उठले आणि त्याच्या थोबाडीत मारली. एक नाही, मारतच राहिले, कानावर, डोक्यावर, मिळेल तिथं. तोंडानं काय बरळत होते देव जाणे. त्यानं हात वर केला नाही. आयेनंच मला मागून धरलं. म्हातारी काडीसारखी झाली होती, पण पकड कसली तिची!

"पुरे," ती म्हणाली. "पुरे, बाय. हात दुखतले तुझे."

मी भिंतीशी बसून हमसून हमसून रडले. आये रडली नाही. ती त्या माणसाकडे वळली. मग बोलली तेव्हा त्याला 'तुमी' म्हणाली नाही.

"तू हंयच ऱ्हव आज. उद्या माझ्या झिलाचा कर्म करतलो आमी. अग्नी तू देवचो."

"मी?"

"फळी घातलंस तूच ना?"

तेव्हा आयेनं सांगितली म्हणून मला सासऱ्यांची गोष्ट कळली. एकदा तुफानात त्यांनी फळ्या ठोकल्या तेव्हा पोटात बाबी नावाचा खलाशी पाणी उपसत होता. दिसला नाही असं नाही, दिसला होता. बाकीची माणसं त्यामुळे वाचली. परत आल्यावर सासरे बाबीच्या घरी गेले, त्याच्या आवशीपुढं, म्हणजे आईपुढं, उभे राहिले, आणि त्याचा अग्नी त्यांनी दिला. मरेपर्यंत दरवर्षी त्या घरी जाऊन पाणी सोडायचे. फळी तांडेलानंच घालायची ती एवढ्यासाठी. कुणीतरी उत्तर द्यायला हवं, आणि ते कुठल्यातरी पोरसवदा खलाशावर पडू नये.

"बाबीच्या आवशीन तेंका काय म्हटल्यान?" मी विचारलं.

"काय नाय," आये म्हणाली. "पेज वाढल्यान."

त्या संध्याकाळी आयेनंही पेज वाढली. त्यानं खाली मान घालून खाल्ली. आयेनं विचारलं तेव्हा सांगितलं, महाडचा, बाप कोर्टात कारकून. घरात समुद्र कुणी बघितलेला नाही. लहानपणी मुंबईला काकांकडे गेला, गोदीत एक लढाऊ बोट बघितली, आणि घरी येऊन सांगितलं की मी यावर जाणार. बाप हसला. तो गेलाच, भराभर वर चढला, बरोबरीच्यांत पहिली बोट यालाच मिळाली. पदकही मिळालं. आता याहून मोठी बोट देणार होते.

"घेतलंस?" आयेनं विचारलं.

"पुढच्या महिन्यात हजर व्हायचंय."

आयेनं त्याचं भांडं उचललं आणि ती आत गेली.

सकाळी पुळणीवर, समुद्रकाठच्या वाळूत, सगळं वेगानं झालं, आणि भांडणही तिथंच झालं. बाया स्मशानाकडे जात नाहीत आमच्यात, पण आये निघाली, आणि ती निघाली म्हणून मीही निघाले. अडवायची कुणाची छाती झाली नाही. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करतात. भटजींनी पानं मांडली, हात, पाय, धड, आणि डोक्याच्या जागी नारळ ठेवला. जगनला नारळाचं पाणी फार आवडायचं.

चुलत दीर गंगाराम धोतर नेसून तयारच होता. आयेनं त्याला बाजूला केलं आणि कॅप्टनला पुढं बोलावलं. न्हाव्यानं त्याचं डोकं भादरलं होतं, सासऱ्यांचं जुनं धोतर त्याच्या गुडघ्याच्या जरा खाली येत होतं.

"हे काय?" भटजी म्हणाले. "हा कोण? गोत्र काय याचं? जात कुठली?"

"बोटीचो तांडेल," आये म्हणाली.

"अहो, भाऊबंद असताना परक्यानं अग्नी द्यायचा? शास्त्रात बसत नाही हे."

"जित्या माणसावर फळी घालूक शास्त्रात बसता?"

भटजींनी एकदा आयेकडे, एकदा त्या माणसाकडे बघितलं. गंगाराम चडफडत होता, "माझो मान काढल्यान म्हातारेन," म्हणून. भटजींनी दर्भाची अंगठी काढली आणि कॅप्टनच्या बोटात घातली.

अग्नी द्यायच्या आधी त्यानं बॅगेतून ते पदक काढलं आणि वाकून पानांच्या छातीवर ठेवलं. लोकांतून च्च च्च असा आवाज आला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आये पुढं झाली, पदक उचललं, त्याच्या हातात परत दिलं.

"ह्या तुझा. माझ्या झिलाच्या अंगावर टाकू नको. घेवन जा, आणि बघ रोज."

त्यानं ते मुठीत धरलं. दुसऱ्या हातानं पानांना अग्नी दिला. पळस वाळलेला, धडाडून पेटला. मग खांद्यावर मडकं घेऊन फेऱ्या, दगडानं मडक्याला भोक, पाण्याची धार. शेवटी मडकं मागं टाकलं, फुटलं. आता बोंब मारायची. तोंडावर पालथा हात मारून गेलेल्याच्या नावानं ओरडायचं, आमच्यात तसंच असतं. तो हात तोंडाशी घेऊन उभा राहिला. आवाजच फुटेना.

"ओरडा," भटजी म्हणाले.

फुटेना.

आये त्याच्या पाठीशी गेली. "तो ओरडत होतो ना फोनार? आता तू ओरड."

आणि तो ओरडला. काय तो आवाज! होड्यांवरचे कावळे उडाले. एकदा ओरडायचं असतं, तो थांबेचना. माणसं माना फिरवून उभी राहिली. त्या आवाजात मी कपाळावरचं कुंकू पुसलं. कुणी सांगायला लागलं नाही. समुद्राचं पाणी घेतलं आणि पुसलं. आये पानांकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तीन वर्षांनी पहिल्यांदा.

आगीचं सगळं निवल्यावर तो तिच्या पाया पडायला वाकला. आयेनं पाय मागं घेतले.

"पाया पडा नको. आत सात होते म्हणालंस. बाकीच्या घरांत काय सांगलंस?"

तिच्या बोलण्याचा रोख त्याला कळला. "तुम्हाला आधी सांगितलं तेच."

"परत जा. खरा सांग तेंका."

"आई, ते लोक आता सावरलेत," तो म्हणाला. आवाज पार बसला होता त्याचा. "एकीनं धाकट्या मुलाचं लग्न केलं. त्या आया आता शांत झोपतात. मी जाऊन काय सांगू त्यांना? गुडघ्याएवढं पाणी होतं म्हणून?"

"होय."

"त्यानं काय भलं होणार त्यांचं?"

"माझ्या झिलाचा शेवटचा बोलणा तू खिशात घालून फिरा होतंस," आये म्हणाली. "ता माझा होता. तेंच्या पोरांचा तेंचा आसा. दी जा तेंका."

मला तेव्हा आये देवासारखी वाटली. मीही म्हटलं, "जावक होयाच तुमी." मोठ्या तोऱ्यात म्हटलं.

दिवसकार्य होईपर्यंत तो आमच्याकडे राहिला. ओटीवर झोपायचा, आयेला विहिरीचं पाणी काढून द्यायचा. तेराव्याला आयेनं मासळी शिजवली, आपल्या हातानं, आणि आम्ही तिघांनी खाल्ली. मग तो एस्टीत बसून गेला. नवी बोट त्यानं घेतली नाही, नोकरी सोडली, असं नंतर कळलं.

वर्षश्राद्धाला तो परत येईल असं मला वाटलं नव्हतं. आला. खळ्यात उभा राहिला, मागच्यासारखाच, बॅग घेऊन. समोरचे दोन दात नव्हते. बोलताना हवा जायची.

"गेल्लंस?" आयेनं विचारलं.

"सगळीकडे."

"बस. दात खंय गेले?"

"अलिगढच्या बाजूला एक घर आहे, तिथं भावांनी मारलं. बरोबरच होतं त्यांचं. केरळातल्या बापानं काहीच म्हटलं नाही, चहा दिला. बाकीचे रडले."

आये मान हलवत ऐकत होती. मला वाटतं तिला समाधान वाटत होतं. मग तो थांबला.

"आंध्रातलं एक घर," तो म्हणाला. "विशाखापट्टणमच्या वर, किनाऱ्यावरच. तुमच्यासारखीच माणसं, मासेमारी करणारी. मुलाचं नाव सन्यासी. आईचं अप्पलम्मा. धाकट्या मुलाचं लग्न केलं म्हणालो होतो ना, तीच. मी सांगितलं तिला. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. पाणी कुठपर्यंत होतं ते तिनं दोनदा विचारलं. मला ताक दिलं."

"मगे?"

"दुसऱ्या दिवशी पहाटे ती समुद्रात चालत गेली. आधी गुडघ्यापर्यंत गेली आणि तिथं उभी राहिली, असं होडीवाल्यानं पाहिलं. त्याला वाटलं, आंघोळ करतेय. मग पुढं गेली."

चुलीवर भात लागल्याचा वास आला तरी मी उठले नाही. मी आयेकडे बघायचं टाळत होते. तीही माझ्याकडे बघत नव्हती. मागच्या वर्षी पुळणीवर आम्ही दोघींनी याला पाठवलं होतं. तो नको म्हणत होता.

"मी तुम्हाला दोष द्यायला सांगत नाही, आई," तो म्हणाला.

"ठावक आसा."

श्राद्धाला आम्ही पुळणीवर गेलो. भटजींनी जगनचं नाव घेतलं, कॅप्टननं हातातून तीळपाणी सोडलं. झालं म्हणून भटजी ताम्हन उचलायला लागले. आयेनं ताम्हनावर हात ठेवला.

"ऱ्हवा. आजून एक आसा."

"कुणाचं?"

"अप्पलम्मा." तिनं नाव सावकाश, नीट उच्चारलं, रात्रभर पाठ केल्यासारखं.

कॅप्टननं हात पुढं केला. "मी सोडतो पाणी."

"तू नाय." आयेनं त्याचा हात बाजूला केला आणि दर्भ स्वतःच्या बोटात घातला. भटजींनी तोंड उघडलं, बाईमाणसानं असं काही, म्हणून. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून मिटलं.

"ही फळी मी घातलंय," आये म्हणाली.

आणि तिनं ओंजळीतलं पाणी सोडलं. निम्मं पाणी बोटांमधून वाटेतच सांडलं. मग ती भटजींना म्हणाली, परत घाला, आणि परत सोडलं. मासळी तिनं त्या दिवसापासून पुन्हा सोडली, मरेपर्यंत.

त्यानंतर दोन वर्षांनी तिनंच माझं म्होतूर लावून दिलं, देवगडच्या एका एस्टी कंडक्टरशी. बरा माणूस होता. बालवाडीत पोरांना शिकवून माझी बोली सुधारली म्हणतात लोक, बिघडली म्हणते मी. कॅप्टन टिपणीस दरवर्षी यायचे, पाय चालेनासे झाले तोवर. आधी जगनचं पाणी ते सोडायचे, मग अप्पलम्माचं आये. आये गेली तिचा अग्नीही त्यांनीच दिला, तेव्हा गंगारामसुद्धा काही बोलला नाही.

आता दोघंही नाहीत. दरवर्षी श्राद्धाच्या दिवशी मी पुळणीवर जाते, गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी राहते. आधी जगनचं नाव घेते, मग अप्पलम्माचं. कॅप्टनना तिच्याकडे पाठवताना मीही होय म्हटलं होतं.